गळलेला काना

"कान्याकडं लक्ष ठेव, गंगापूर."

बाई हे दिवसातून दहा वेळा म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्या तोंडाकडं कधी बघायच्या नाहीत. त्यांची नजर माझ्या हातांवर असायची. तीही तळव्यावर नाही, मनगटाच्या वरच्या बाजूवर. दस्त नोंदवायला खेड्यांतून आलेली माणसं दुकानातल्या बाकावर तासन्‌तास बसून राहायची, आणि हे बघून त्यांचा समज व्हायचा की या बाई हात बघतात. बिडकीनकडच्या एका म्हाताऱ्यानं तर एकदा पंजाच पुढं केला.

"बाई, माझं बी सांगा काहीतरी."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गंभीरपणे त्याचा हात उलटसुलट केला. "मामा, तुमचा हात लई चांगला आहे. तुम्ही टायपिंग करत नाय."

दुकानभर हशा पिकला. मीही हसलो होतो. ते हसू आठवलं की आता मला कसंतरीच होतं.

आमचं दुकान दस्त टाईप करण्याचं. गल्लीच्या त्या बाजूला नोंदणी कार्यालय, या बाजूला आम्ही. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, प्रतिज्ञापत्र, जे म्हणाल ते. मालक एक वकीलसाहेब होते. ते मसुदा सांगायचे आणि आम्ही तिघं तो बडवायचो: बाई, रेखा आणि मी. मी गंगापूर तालुक्यातला, म्हणून पहिल्या दिवसापासून बाईंनी माझं नाव गंगापूर ठेवलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शंकाच आहे. आमचं सगळ्यांचं हातावर पोट होतं, आणि टायपिस्टच्या बाबतीत हे अगदी अक्षरशः खरं असतं.

तुम्ही कधी जुन्या पद्धतीनं मराठी टायपिंग शिकला नसाल तर कान्याची भानगड सांगायला हवी. त्या मांडणीत काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो. 'राम' लिहायचं तर र, मग काना, मग म. पण एवढ्यावर भागत नाही. ण, श, ख, भ ही अक्षरंसुद्धा अर्धीच उमटतात, आणि त्यांची उभी दांडी द्यायला पुन्हा तेच बोट धावतं. मराठीत एक पान लिहायचं म्हणजे त्या एका बोटाची किती वणवण होते ते मोजून बघा. मनगटातली नस दाबली जायला लागली की जी बोटं आधी बधिर होतात त्यांत हे मधलं बोट असतं. बोट बटणावर पडतं, पण पुरेसं दाबलं जात नाही. माणसाला वाटतं आपण दाबलं. कागदावर काना नसतो.

हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. बाईंनी आयुष्यभर लोकांची पानं तपासून काढलेला हा निष्कर्ष होता. दस्त छापला की आधी त्यांच्या हातात जायचा. त्या लाल पेनानं चुका दाखवायच्या. वेलांटी चुकली, अनुस्वार राहिला, तर नुसती खूण. काना गळलेला दिसला की मात्र त्याभोवती पूर्ण वर्तुळ काढायच्या, आणि पान परत देताना टाईप करणाऱ्याच्या हाताकडं बघायच्या.

शहराचं नाव बदललं तेव्हा सगळे मसुदे नव्यानं करावे लागले. कुणी खूश होतं, कुणी नाराज, गल्लीत दिवसभर त्याच गप्पा. बाईंना कुणीतरी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बाईंनी दोन्ही नावं बोटांवर मोजली. "काने कमी झाले," त्या म्हणाल्या, "पण बाकीच्या बोटांचं काम लई वाढलं." त्यांचं राजकारण तिथंच संपलं.

बाईंची सही ही बघण्यासारखी गोष्ट होती. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, एकही अक्षर न गाळता. हजेरीच्या वहीतल्या चौकोनात ती कधी मावली नाही. वकीलसाहेब म्हणायचे, "बाई, सही करता की निबंध लिहिता?" बाई ऐकून घ्यायच्या आणि शेवटच्या अक्षरावरची रेघ आणखी थोडी लांबवायच्या.

त्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांच्या आईनं कुठल्याशा कागदावर अंगठा दिला होता. कागदात काय आहे ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. पुढं गावातली राहती जागा सोडून ही माणसं शहरात आली ती त्या कागदामुळं. वडलांनी पाचही लेकरांना शाळेत घातलं ते एका वाक्यावर: या घरातला हा शेवटचा अंगठा.

"म्हणून मी दस्त वाचून दाखवते," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं. समोरच्याला समजेस्तोवर."

आणि खरंच दाखवायच्या. समोर कुणी म्हातारी अंगठा द्यायला बसली की बाई तिच्या शेजारी खुर्ची ओढायच्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचायच्या. शेवटी 'निशाणी, डाव्या हाताचा अंगठा' ही ओळ आली की त्यांचा आवाज थोडा पडायचा. नोंदणीच्या वेळी आता यंत्रावर अंगठा सगळ्यांनाच ठेवावा लागतो, कलेक्टर असो की मजूर. बाई तो अंगठा मोजत नसत. "तो यंत्राला दिला, माणसाला नाय," म्हणायच्या. कागदावर सहीच्या जागी पडतो तो खरा अंगठा.

मी दुकानात लागलो त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो, "पाय कुठं आहेत?"

मी खाली बघितलं. पाय लोंबकळत होते. टेबल उंच होतं म्हणून मी खुर्ची वर केली होती. बाई उठल्या, मागच्या बोळात गेल्या आणि एक वीट घेऊन आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून ती माझ्या पायाखाली सरकवली. मग रद्दीतली जाडजूड रजिस्टरं आणून माझ्या संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर येईपर्यंत उंच केला. कोपरं अंगाजवळ, खांदे सैल, माऊस कधी उजव्या हाताला तर कधी डाव्या.

"बाई, विटेवर उभं केलंत. आता हात कमरेवर ठेवू का?"

"ठेव की. तेवढाच त्यांना आराम."

सगळ्यात मोठा नियम मनगटाचा होता. टाईप करताना ते टेबलाच्या कडेवर टेकवायचं नाही, अधांतरी ठेवायचं. जुन्या मशीनवर ते आपोआप उचललेलं असायचं, कारण बटणंच उंच. संगणक आला आणि माणसं मनगटं टेकवून निवांत बसायला शिकली. बाईंच्या मते सगळं तिथं बिघडलं. माझं मनगट जरा खाली गेलं की त्यांची पट्टी टेबलावर वाजायची. "उचल. टायपिस्टनं हात टेकले की तो संपला."

दुसरा नियम भोंग्याचा. समोरच्या कार्यालयात टोकनचा पुकारा व्हायचा, तो आमच्यापर्यंत स्पष्ट ऐकू यायचा. "टोकन क्रमांक अठरा!" झालं, बाईंचे हात बटणांवरून वर. पाच वेळा मूठ वळायची, पाच वेळा सोडायची, खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघायचं, मग पुन्हा काम. सुरुवातीला मला लाज वाटायची. गिऱ्हाईक समोर बसलंय आणि तीन टायपिस्ट हवेत मुठी वळताहेत, हे बघून एखाद्याला वाटावं आमच्यात वारं शिरलंय. हळूहळू सवय झाली. समोरचं सर्व्हर बंद पडलं की टोकन बंद, आणि टोकन बंद की आमचा आराम बंद. बाई अशा दिवशी चिडचिड्या व्हायच्या. वारंवार उठून दारात जायच्या आणि समोरच्या भोंग्याकडं बघत उभ्या राहायच्या.

रेखा चिकलठाण्याहून यायची. वयानं आम्हा दोघांहून लहान, पण वेग असा की बाईंनाही मागं टाकायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं वकीलसाहेब कौतुकानं म्हणायचे. एका सोमवारी बाईंनी तिच्या पानावर चार लाल वर्तुळं काढली. चारही कान्यांची. पुढच्या आठवड्यात एका पानावर नऊ झाली.

बाईंनी स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून तिच्यापुढं ठेवला. "पोरी, अंगठ्यानं आणि दोन बोटांनी उचलून दाखव."

रेखा हसत सुटली. ग्लास उचलला, वर पाणीही पिऊन दाखवलं. "बघा! बाई, तुम्ही उगं भिववता."

"आज उचललास," बाई म्हणाल्या. त्यांनी ग्लास धुऊन जागेवर ठेवला. "रात्री हाताला मुंग्या येतात का? झटकावा लागतो का?"

"येतात थोड्या. सगळ्यांनाच येतात की."

बाईंनी तिला सुट्टी घ्यायला सांगितलं, मनगटाला पट्टी बांधून झोपायला सांगितलं, डॉक्टरचं नाव लिहून दिलं. रेखानं चिठ्ठी पर्समध्ये टाकली. दोन-अडीच महिन्यांनी तिचा नवरा दुकानात आला. दुधाचं उकळतं पातेलं तिच्या हातातून सुटलं होतं आणि पाय भाजला होता. "हातात धरलेलं कळलंच नाय म्हणते," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हतो. खुर्चीवरची तिची उशी काखेत मारून तो गेला. रेखा परत आली नाही.

तिची खिडकीजवळची जागा मला मिळाली. उजेड चांगला होता म्हणून मी खूश झालो. कीबोर्ड पुसायला घेतला तेव्हा दिसलं, की बाकी सगळ्या बटणांवरची अक्षरं शाबूत आहेत आणि कान्याचं बटण तेवढं झिजून कोरं झालंय.

मग बिडकीनकडच्या जमिनींचे व्यवहार वाढले. सकाळी शटर उघडायच्या आधी माणसं पायरीवर बसलेली असायची. वकीलसाहेबांनी दुकान नवं केलं. काचेचं दार, बुटकी टेबलं, दोघांना दोन लॅपटॉप. माणूस वाईट नव्हता, आमच्या भल्यासाठीच करत होता. त्यानं विटा आणि रजिस्टरं बाहेर काढली. "बाई, गिऱ्हाईक काय म्हणेल? इथं बांधकाम चाललंय?" लॅपटॉपवर मान खाली, खांदे पुढं, मनगटं कडेला टेकलेली. बाईंनी दोनदा सांगून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी घरून एक जुना कीबोर्ड आणून तो जोडून घेतला आणि स्वतःची वीट तेवढी परत आणली.

त्याच सुमारास समोरचा भोंगा थांबला. टोकनचा संदेश आता पक्षकाराच्या मोबाईलवर यायला लागला. कार्यालयाच्या दृष्टीनं ही चांगलीच सोय होती. पण आमच्या दुकानात त्या दिवसापासून कुणाचेच हात वर जायचे बंद झाले. रेखाच्या जागी आणखी कुणी घेतलं नव्हतं. मी आणि बाई, सकाळी दहापासून नुसती बटणांची टकटक. मधूनच बाई थांबायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. पुकारा यायचा नाही. त्या पुन्हा मान खाली घालायच्या.

माझं मनगट दुखायला लागलं ते तेव्हा. मी बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ग्लास भरून पुढं आला असता.

आता वाटणीपत्राची गोष्ट. दोन सख्खे भाऊ होते. वडिलार्जित जमीन एकाच गटातली, म्हणून दोन तुकड्यांची ओळख गावातल्या नावानं लिहिली होती. थोरल्याला मळा, म्हणजे विहिरीखालची बागायत. धाकट्याला माळ, म्हणजे खडकाळ रान, पण रस्त्याला लागून. दोघं राजीखुशीनं आले होते, चहा पिऊन गेले होते. आठवड्यानं परत आले ते एकमेकांची गचांडी धरून.

धाकट्यानं कागद टेबलावर आपटला. "वाचा! काय लिवलंय वाचा!"

मी वाचलं. थोरल्याच्या वाट्याला 'मळ' आला होता. धाकट्याच्या वाट्यालाही 'मळ'च आला होता. एकाचा शेवटचा काना गळला होता, दुसऱ्याचा मधला. 'काना-मात्रेचाही फरक नाही' असं आपण म्हणतो ना, ते दोन भावांच्या बाबतीत खरं झालं होतं.

"आमच्या बापानं आमाला मळ दिला व्हय?" धाकटा ओरडला.

"विहीर माझीच आहे, सगळ्या गावाला माहीत आहे!" थोरला म्हणाला.

"कागदात कुठं आहे? दाखव!"

बाहेर गर्दी जमली. कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं थोरल्याचं डोकं आणखी फिरलं. त्याची बायको दारात उभी राहून रडत होती. पुढं चूक दुरुस्तीचा दस्त करून ते निस्तरलं खरं, पण त्या दिवशी त्या दोघांनी एकमेकांना जे बोलून घेतलं ते कुठल्या दस्तानं दुरुस्त होणार होतं?

वकीलसाहेबांनी आमच्याकडं बघितलं. "कुणाच्या हातचं आहे हे?"

त्या आठवड्यातली निम्मी वाटणीपत्रं माझ्या हातची होती, आणि कुठलं कुणाचं हे मला आठवत नव्हतं.

"माझं," बाई म्हणाल्या.

वकीलसाहेबांचा विश्वास बसला नाही. मी लेकुरवाळा, म्हणून बाई मला वाचवताहेत, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी बाईंजवळ जाऊन म्हणालो, "बाई, तुमचे लई उपकार झाले."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी डबा पुढं केला. "आधी झाकण काढ."

हे झाकण मी रोज काढायचो. "नवा डबा आहे, लई घट्ट बसतं," असं बाई म्हणायच्या. मी झाकण काढलं आणि हात तिथंच थांबला. तो डबा तीन वर्षं नवा होता. त्याच्या बुडाला पोचे आले होते, कड घासून पांढरी पडली होती, झाकण माझ्या एका बोटानं निघत होतं.

बाईंनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. मी तो हात इतक्या वर्षांत असा कधी बघितला नव्हता. अंगठ्याखाली आपल्या सगळ्यांना मांसाचा उंचवटा असतो, तुमचाही आत्ता बघा. बाईंच्या हातावर त्या जागी खळगा होता.

"उपकार कसले? खरंच माझं आहे ते पान," त्या म्हणाल्या. "तुम्हा लोकांचे काने मला दिसतात. स्वतःचा दिसला नाय."

"बाई, हे कधीपासून?"

"रेखाच्या आधीपासून."

"मग दुखत नव्हतं?"

"लई दुखायचं. रात्र रात्र हात झटकत बसायची. मग एक दिवस दुखायचं थांबलं. मला वाटलं बरं झालं." त्यांनी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. "आनंदानं पेढे वाटले मी, गंगापूर. तू बी खाल्लास त्यातला एक. दुखतंय तवर बरं असतं. थांबलं की भ्यायचं."

मला तो पेढा आठवला. कशाचा म्हणून विचारलं होतं, तर "असाच" म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी मी घाबरलो. पंधरा दिवस मोबाईलवर गजर लावून हात उचलले, कणकेचा गोळा मुठीत दाबला, वीट शोधून आणली, डॉक्टरकडं जायचंही ठरवलं. मग काम वाढलं आणि गजर बंद केला. माणूस दुसऱ्याच्या खळग्याला पंधरा दिवसच भितो, असा माझा अनुभव आहे. पुढं कान्याकडं सरळ कानाडोळा झाला.

बाईंनी महिन्याभरात काम सोडलं. वकीलसाहेबांनी त्यांना नुसतं वाचायचं काम देऊ केलं होतं, पण बाईंना ते भीक घातल्यासारखं वाटलं असावं. जाताना हजेरीवर सही केली. मी बघितली. नाव होतं, आडनाव होतं, मधलं वडलांचं नाव नुसतं आद्याक्षरावर आलं होतं. शेवटची रेघ नव्हती. "माझी वीट तुला ठेव," म्हणाल्या आणि गेल्या. काचेचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून मी ती वीट दाराला लावली.

बाई त्यानंतर गल्लीत दिसल्या नाहीत. कुणी म्हणे हाताचं ऑपरेशन झालं, पण फार उशिरा. त्यांच्या खुर्चीवर कोण बसतं हे मी सांगत बसत नाही. बसतं कुणीतरी, मनगटं टेकवून.

परवा त्या आल्या. दोन वर्षांनी. बरोबर भाची होती. पाय वाजले नाहीत, फक्त दार उघडलं आणि आवाज आला, "वीट दाराला लावलीस व्हय?"

बाईंना त्यांच्या दोन खोल्या भाचीच्या नावे करायच्या होत्या. बक्षीसपत्र. "तुझ्याच हातचं पाहिजे," म्हणाल्या. मी मसुदा टाईप करायला घेतला. त्या बाकावर बसल्या, जिथं ते बिडकीनचे मामा बसले होते तिथं. एक कोरा कागद घेतला आणि गुडघ्यावर ठेवून सही करून बघायला लागल्या. मी टाईप करता करता डोळ्यांच्या कडेनं बघत होतो. पेन बोटांत फिरायचं आणि गळायचं. भाची उचलून द्यायची. बाईंनी डाव्या हातानं करून बघितलं. मग दोन्ही हातांनी धरून. चौथ्या वेळी पेन बाकाखाली गेलं, आणि भाची वाकायला लागली तेव्हा बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"गंगापूर."

"बाई?"

"शेवटची ओळ बदल. सही काढ. निशाणी घाल."

"बाई, थोडी वेडीवाकडी आली तरी चालते. मी समोरच्या साहेबांशी बोलतो. आपण उद्या..."

"घाल म्हणते ना."

ही ओळ मी आयुष्यात किती वेळा टाईप केली असेल देव जाणे. त्या दिवशी ती टाईप करताना मला पडदा नीट दिसत नव्हता. पान छापलं आणि त्यांच्या हातात दिलं. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागल्या, पूर्वी त्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवायच्या तसं. आज ऐकणाऱ्याही त्याच होत्या. शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबल्या. मला वाटलं, वडील आठवले असतील.

त्यांनी पान माझ्यापुढं धरलं. 'निशणी, डाव्या हाताचा अंगठ.'

"हात्तिच्या," मी हसून म्हणालो. "घाईत राहिले काने." पटकन दुरुस्त केलं आणि दुसरं पान काढलं.

बाईंनी माझ्या हाताकडं बघितलं. भाचीनं शाईचा डबा उघडला. बाईंनी डावा अंगठा शाईत दाबला, कागदावर टेकवला, आणि उचलायची घाई केली नाही. उचलला तेव्हा निळा ठसा अगदी स्वच्छ उमटला होता. त्याखाली त्यांचं पूर्ण नाव मी छापलं होतं, वडलांच्या नावासकट. त्या ठशाकडं बघत म्हणाल्या, "वाचून तर दिला. आईला तेवढं बी मिळालं नव्हतं."

भाची कागद घेऊन झेरॉक्सला गेली. मी बाईंना अंगठा पुसायला फडकं दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"तुझं मनगट दुखायचं ना रे? मला सांगितलं नाय कधी, पण मी बघायची."

"दुखायचं बाई. पण आता अजिबात नाय," मी खुशीत म्हणालो. "महिना झाला, पार थांबलं."

बोलून झाल्यावर ते माझं मलाच ऐकू आलं.

बाईंनी माझा उजवा हात ओढून घेतला. मधलं बोट आपल्या बोटांत धरलं. "डोळे मीट," म्हणाल्या. मी मिटले. दुकानात पंख्याचा आवाज येत होता. मी वाट बघत राहिलो.

"दाबतेय का मी?"

"नाय बाई. अजून नाय."

मी डोळे उघडले. माझ्या बोटाच्या पेरावर निळी शाई लागली होती, आणि बाईंचा अंगठा अजून त्याच्यावर होता.